टिल्डनचा हरवलेला तुकडा

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्या घरात एक माणूस राहतो, आणि त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली आहेत. तो जेवायला येत नाही, जागा अडवत नाही. आईच्या टेबलावरच्या पडद्यावर तो दिवसभर दारं उघडतो, टोपी काढतो, कुणाच्या तरी गोळीने मरतो, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा दारं उघडतो. भीती वाटली? ज्ञानदालाही सुरुवातीला वाटली होती. मग सवय झाली.

ज्ञानदा दहा वर्षांची. ती नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहरात राहायची. तिची आई, चैत्राली, जुने सिनेमे दुरुस्त करायची. खरी रिळं कार्यशाळेत असत आणि त्यांची चित्रं आईच्या संगणकावर. पडद्यावरचा माणूस होता एझ्रा टिल्डन नावाचा अमेरिकन नट. सिनेमाला आवाज नव्हता त्या काळात त्याने खलनायक रंगवले, एकामागून एक. रागवायचं ते भुवयांनी, धमकावायचं ते हातमोजे काढून. बरीचशी रिळं सडून गेली. थोडी तिथल्याच एका बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या तळघरात सापडली होती. शाळेतून आली की ज्ञानदा आईशेजारी बसून ती पाहायची. ती त्याला टिल्डन आजोबा म्हणायची. आई चिडवायची, “आज आजोबांचं पान वाढायचं का गं?”

पुढे सिनेमा बोलू लागला. टिल्डनला एकच बोलपट मिळाला. त्यात तो पहिल्यांदाच खलनायक नव्हता. घर सोडून निघालेल्या मुलाचा बाप होता. त्यानंतर मात्र तो नायकाच्या खुर्चीमागे वेटर म्हणून उभा दिसतो, मग गर्दीतली एक टोपी म्हणून, आणि मग दिसतच नाही.

असं का झालं, ते ज्ञानदाने डचमध्ये विचारलं आणि आईने मराठीत सांगितलं. त्या घरात बोलणं असंच चालायचं. आई म्हणाली, तेव्हा चित्र असायचं फिल्मवर आणि आवाज ग्रामोफोनच्या वेगळ्या तबकडीवर. दोन्ही बरोबर सुरू करायचं. मध्येच फिल्म तुटली तर फाटलेला भाग कापून तेवढ्याच लांबीची काळी पट्टी जोडायची, म्हणजे पुढे गडबड होत नाही. पण घाईत कोण पट्ट्या मोजतो? टोकाला टोक चिकटवून मोकळे. मग चित्र पुढे पळायचं आणि आवाज मागे राहायचा. टिल्डनने तोंड मिटलं की त्याचा आवाज यायचा, आणि सिनेमातली त्याची सून बोलायला लागली की तिच्या तोंडून टिल्डन बोलायचा. गावोगाव लोक पोट धरून हसले. त्याला पुन्हा कुणी बोलायचं काम दिलं नाही.

आता तबकडी अमेरिकेत सापडली होती. आवाज शाबूत होता. पण चित्रातला तुटलेला तुकडा गेला तो गेलाच, आणि तोही नेमका बाप मुलाला निरोप देतो तिथला. कार्यशाळेची प्रमुख मार्लीस हिने ठरवलं की तेवढा टिल्डन संगणकाकडून बनवून घ्यावा.

बुधवारी शाळा दुपारीच सुटते. ज्ञानदा आली तेव्हा काम झालेलं होतं. आईने प्रसंग लावला. टिल्डन दारात उभा होता, बोलत होता. आवाज भरदार, किंचित कापरा. प्रसंग संपला.

कुठे जोडलंय ते ओळख, आई म्हणाली. ज्ञानदाने पुन्हा पाहिलं, मग आणखी एकदा. तिला ओळखू येईना. तीच भुवई, तीच गालावरची सुरकुती. आई खूश झाली. पण ज्ञानदाला ओळखीचा टिल्डनसुद्धा आता बनवल्यासारखा वाटू लागला. तिने जुनं, मुकं रीळ लावून पाहिलं. तिथेही त्याने वळून बघितलं, आणि डोळ्यांमागे कुणीच नसल्यासारखं वाटलं. जणू त्या छोट्याशा तुकड्यातून कुणीतरी घरात शिरलं होतं आणि एकेका रिळातून आजोबांना बाहेर काढून त्यांच्या जागी उभं राहत होतं.

“आई,” ती मराठीत म्हणाली, “मग तो कुठे गेला?”

आईने खुर्ची वळवली. बनवलेला तुकडा काढून तिथे काळी पट्टी घातली तर चेहरा नाहीसा होईल, नुसता आवाज राहील, असं तिने समजावलं. “लोकांना वाटेल, बिघडलं. पुन्हा हसतील गं त्याला. एकदा हसले ते पुरे नाही का झालं?”

“हसू देत,” ज्ञानदा म्हणाली. “पण खऱ्या आजोबांनाच हसू देत. ह्या बनवलेल्याला नको.”

आईने मार्लीसला फोन करून काळी पट्टीच घालूया म्हटलं. मार्लीसला ते पटलं नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, की रविवारी थोड्या लोकांना काळी पट्टी घालून दाखवू. हसले, तर बनवलेला चेहराच कायमचा ठेवू.

रविवारी छोटं सभागृह अर्धं भरलं होतं. ज्ञानदा आईजवळ दुसऱ्या रांगेत बसली. टिल्डन दारात आला, मुलाकडे बघून त्याने तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला. सगळीकडे मिट्ट अंधार. त्यात फक्त आवाज. बाहेर थंडी आहे, तो म्हणत होता, कोट घाल.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आईने ज्ञानदाचा दंड धरला. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना वाटलं, यंत्र बंद पडलं. त्यांनी मोबाइलचा दिवा लावून पडद्यावर मारला. कोरा, सुरकुतलेला कापडी पडदा दिसला. आणखी दोघं हसले. आवाज बोलतच होता.

ज्ञानदाने दंड सोडवून घेतला. ती उठली, पुढे वाकली आणि त्या दिव्यावर आपला तळहात दाबून धरला. बोटं लालभडक झाली, मग तेवढंही दिसेनासं झालं. गृहस्थ काही बोलायला गेले, तेव्हा तिने दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. अंधारात ते त्यांना दिसलं नसेल, पण ते थांबले. टिल्डनचा खरा चेहरा पडद्यावर परत येईपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली.