आजही पन्नास

लोकांच्या घरचे वीजमीटर तपासण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, तो माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल अशी अपेक्षाच चुकीची. त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि कोणी विचारो न विचारो, अख्ख्या इमारतीला बॅटरी शिकवायला सुरुवात केली. लोक त्यांना बॅटरीकाका म्हणू लागले. हा त्यांना बहुमान वाटला, यावरून काय ते समजा.

मग डोळ्यांनी दगा दिला. डाव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आधी पडद्याचं बघू, मग मोतीबिंदू काढू, तोवर गाडी बंद. काकांनी ‘तोवर’ एवढाच शब्द घट्ट धरून ठेवला. लेक दुसऱ्या गावी राहायची. डोळे बरे झाले की स्वतः गाडी चालवत तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं आणि दर फोनला तिला ऐकवलंही होतं.

म्हणजे तोवर गाडी धडधाकट राहायला हवी. काकांनी ती पार्किंगच्या सावलीतल्या कोपऱ्यात लावून घेतली, वर कव्हर घातलं आणि बॅटरी निम्मीच भरून ठेवली. “पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवली तर आतून झिजते, रिकामी ठेवली तर मरते,” ते भेटेल त्याला सांगत. “अर्धपोटी ठेवा, टिकते.” शिवाय दारं आणि दिवे चालवणारी एक छोटी बॅटरी असते, ती उभ्या गाडीत गुपचूप मान टाकते, वगैरे. लिफ्ट आली की ऐकणाऱ्याची सुटका व्हायची.

चार्जिंगचा आकडा मात्र काकांना वाचता येईना, गाडीतलाही नाही आणि मोबाइलवरचाही नाही. तेव्हा रोज सकाळी चहाच्या वेळी काकू मोबाइल उघडून सांगायच्या.

“किती?”

“पन्नास.”

दुसऱ्या दिवशीही पन्नास. महिने उलटले तरी पन्नासच. उभी गाडी थोडं तरी चार्जिंग खातेच, हे काकांनीच सगळ्यांना पढवलेलं. शिवाय जो काटा हलत नाही तो आधी तपासायचा, हा नोकरीतला पहिला धडा. पण स्वतःच्या गाडीचा आकडा जागचा हलेना म्हटल्यावर त्यांना शंका आली नाही, अभिमान वाटला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी ‘उभ्या गाडीची निगा’ या विषयावर सगळ्यांना वेठीला धरलं. कधी कव्हर उलटं घातलेलं हाताला लागायचं, कधी गाडी भिंतीपासून जरा लांब वाटायची. काका ते सगळं आपल्या डोळ्यांच्या खात्यावर जमा करायचे. दुपारी डोळ्यांत औषध घालून ते पडून राहिले की काकू समोरच्या शिलाईवालीकडे जाऊन यायच्या.

पडद्याचं ऑपरेशन यथातथाच झालं. पुढे मोतीबिंदू निघाला आणि उजव्या डोळ्याला अक्षर लख्ख दिसू लागलं. गाडीचं विचारायला काकांनी तोंड उघडलं, तर काकूंनी मध्येच डॉक्टरांना औषधांच्या वेळा विचारायला घेतल्या.

मोबाइल बघायची परवानगी मिळाली त्या दुपारी काकू घरी नव्हत्या. काकांनी मोठ्या थाटात गाडीचा आकडा उघडला. एकतीस. आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘गाडी चालू आहे’.

चोरी झाली असं धरून काका घरातल्या कपड्यांतच खाली धावले. कोपरा रिकामा होता. कव्हर मात्र तिथेच होतं, कपाटातल्या त्यांच्या शर्टांसारखं नीट घडी घालून ठेवलेलं. अशी घडी घालणारा चोर त्यांच्या ओळखीचा होता.

इतक्यात फाटकातून गाडी आत आली, अगदी सावकाश. काकू चालवत होत्या, शेजारी शिलाईवाली. काकांना पाहून शिलाईवाली उतरली, “काका, डोळे छान झालेत हो,” म्हणाली आणि सटकली.

“एकतीस,” काका म्हणाले.

“निघाले तेव्हा चव्वेचाळीस होती.”

“लायसन्स?”

“आहे.”

“मग मला सांगायला काय झालं होतं?”

काकूंनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. “डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेतलं होतं. म्हणाले, डावा डोळा परत येणार नाही, यांना आता गाडी चालवू देऊ नका. ते तुम्हाला सांगायला जीभच उचलेना. त्यापेक्षा गाडी शिकणं सोपं वाटलं.”

काका चिडायला तयार होते, पण चिडणं जमेना. फार वाईट वाटलं. आणि डॉक्टरांनी ‘तोवर’ म्हणताना नजर टाळली होती, एवढं तर अधू डोळ्यांनाही दिसलं होतं, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. डोळे भरून आले. ऑपरेशननंतर रडलेलं चालतं का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

वळसा घालून ते पलीकडच्या दाराने आत बसले. पट्ट्यासाठी हात सवयीने उजव्या खांद्यामागे गेला, तिथे काहीच नव्हतं. डावीकडे पट्टा सापडल्यावर काकांनी लेकीला फोन लावला.

“आई गाडी घेऊन येतेय तुझ्याकडे,” ते म्हणाले. “मी शेजारी बसून येतो.”

“या,” लेक म्हणाली. “फक्त वाटेत तिला शिकवू नका, बाबा.”