हिंगणघाटपर्यंतची टेस्ट ड्राइव्ह

या, बसा. दार जरा जोरात ओढा, दिवसभर उघडमिट करून सैल झालंय. मी टेस्ट ड्राइव्हची गाडी. वर्ध्याला नालवाडीजवळच्या एका शोरूमच्या दारात उभी असते. माझ्या बहिणी आत काचेमागे चकचकीत उभ्या राहतात आणि हार घालून कुणाच्या तरी घरी जातात. मी मात्र येईल त्याच्यासोबत चौकापर्यंत जाते आणि परत येते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ट्रेलरवर बांधून मला इथे आणलं, तेव्हा उन्हानं टप भाजला होता. माझ्या रंगाचं कागदावरचं नाव चांदण्यासारखं काहीतरी आहे. इथले लोक त्याला सिमेंटचा रंग म्हणतात.

लोक मला कसे पारखतात ते सांगते. पुरुष आधी टायरला लाथ मारतात. का मारतात, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनाही कळलेलं नसावं. मग बोनेटवर बोटांनी टकटक करतात, टरबूज पिकलंय का पाहतात तशी. बायका डिकी उघडतात आणि मनातल्या मनात तिच्यात लग्नाला जायच्या बॅगा भरतात. पोरं सनरूफ मागतात. आणि घरी जाताना सगळे म्हणतात, "पाहू, विचार करून सांगतो."

वैरागडे कुटुंब आलं ते पोळा होऊन गेल्यानंतर. सिंदी मेघेचे अण्णाजी वैरागडे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सोबत बायको मनकर्णाबाई, मुलगा ऋतिक आणि सून मोहिनी. त्यांची जुनी छोटी गाडी फाटकापाशी उभी होती, बुटकी, कानकोंडी झाल्यासारखी. घरात गाडी चालवायची मोहिनीच. ऋतिक फक्त गाड्यांचे व्हिडिओ पाहायचा.

शोरूमची दामिनी धावत आली. तिचं सगळं पाठ असतं. "सर, ही आपली कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर एसयूव्ही."

"म्हणजे जीप का कार?" अण्णाजींनी विचारलं.

"दोन्ही, सर!"

"म्हणजे धड एकही नाई."

दामिनीनं घाईघाईनं डिकी उघडून दाखवली.

मग सुरू झाली फायद्या-तोट्याची चर्चा. ऋतिक म्हणाला, उंच आहे, खड्ड्यांत आपटणार नाही, स्क्रीन मोठा आहे, सनरूफ आहे. अण्णाजी म्हणाले, "मे महिन्यात वर्ध्यात टप उघडून काय डोक्यावर पापड भाजतं का?" मोहिनीनं मला चौकापर्यंत फिरवलं. स्टिअरिंग तिला आवडलं, बसायची उंची आवडली. मागची काच एवढीशी का, हे मात्र आवडलं नाही. "मागचं काही दिसतच नाही," ती म्हणाली. खरं आहे. दिसायला ऐटदार व्हावं म्हणून माझी पाठ अशी आवळलीय, आणि त्याचा त्रास चालवणाऱ्याला होतो. एसी लावून पाच जण बसले की चढावर माझा दम जरा कमी पडतो, हेही मी लपवत नाही. दामिनी लपवते.

पण खरा प्रश्न होता ओट्याचा. अण्णाजींच्या घरासमोर त्यांनी स्वतः बांधलेला ओटा आहे. संध्याकाळी त्यावर मित्र जमतात, चहा होतो, सगळ्या जगाचा निकाल तिथे लागतो. जुनी गाडी त्याच्या बाजूला मावायची. माझ्या मापाची मावत नव्हती. अण्णाजी घरून टेप घेऊन आले आणि मला पुढून, मागून, आरशांसकट मोजून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन आरसे मिटवून मोजलं. मी काही बारीक झाले नव्हते.

"ओटा फोडा लागंन," ते म्हणाले. "गाडीसाठी माणसं उठवू का मी?"

"बाबा, रस्त्यावर उभी करू," ऋतिक म्हणाला.

"मंग रस्त्यावरच झोपजो तिच्यासोबत."

या सगळ्या वेळात मनकर्णाबाई कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून असायच्या. कुणी त्यांना काही विचारलं नाही. त्यांचे गुडघे गेलेले. जुन्या गाडीत बसायचं म्हणजे खाली वाकून विहिरीत उतरल्यासारखं, आणि निघायचं म्हणजे दोघांनी दोन हात धरून ओढायचं. एसटीच्या पायऱ्या तर लांबच. त्यामुळे त्या कुठे जाईनाशाच झाल्या होत्या. इथे यायच्या, कारण घरी एकट्या बसून कंटाळल्या होत्या.

तिसऱ्या भेटीत सोफ्यावर दुसरंच कुटुंब बसलेलं होतं. मनकर्णाबाई थोडा वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग माझं पुढचं दार उघडं दिसलं, म्हणून आल्या आणि पाठमोऱ्या होऊन टेकल्या.

टेकल्या आणि थबकल्या. वाकावं लागलं नव्हतं. माझी सीट नेमकी त्यांच्या कमरेला येत होती. त्यांनी पाय आत घेतले. मग बाहेर काढले आणि उभ्या राहिल्या, कुणाचा हात न धरता. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. दामिनीला वाटलं, बाईंची साडी कुठे अडकली. ती धावत आली.

"काकू, काय झालं?"

"काई नाई वं. पाहून राह्यली."

मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "अवो, ऐकता का जी! चौकात जाऊन काय समजते? हिंगणघाटले जाऊन पाहू."

"काऊन? हिंगणघाटले काय आहे?"

"गुलाबकडे जाऊ."

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. नंतर माझ्या डिकीपाशी मोहिनीनं दामिनीला हळूच सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. गुलाबबाई म्हणजे मनकर्णाबाईंची धाकटी बहीण. हिंगणघाटच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत तिचं गाव. तिच्या मुलीच्या लग्नाला हे सगळे निघाले होते. गावाच्या कच्च्या रस्त्यावर जुनी गाडी दगडावर बसली, इंजिनचं चेंबर फुटलं आणि सगळं ऑइल वाहून गेलं. मनकर्णाबाईंना पायी चालता येईना. ट्रॅक्टर मिळून पोचेपर्यंत मंगलाष्टका होऊन गेल्या होत्या. गुलाबबाई चारचौघांत म्हणाली, "टाइम नव्हता तं कायले आली?" मनकर्णाबाई न जेवता परतल्या. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या.

मॅनेजर म्हणाले, टेस्ट ड्राइव्ह फक्त चौकापर्यंतच असते.

"चौकात आमचं कोणी राहत नाई जी," अण्णाजी म्हणाले.

मॅनेजरांनी अण्णाजींकडे पाहिलं, मग खिडकीतून पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेल्या मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्या आता उतरतील असं त्यांनाही वाटलं नसावं. त्यांनी दामिनीला सोबत पाठवलं.

अशी मी पहिल्यांदा चौक ओलांडून गेले. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, कुठे सोयाबीन कापून ढीग लावलेले. मोहिनी छान चालवत होती. मागे तीन जण खेटून बसले होते. मध्ये दामिनी, एकीकडे ऋतिकचं कोपर, दुसरीकडे अण्णाजींचं. "मागे तिघांना आरामात," हे तिच्या पाठांतरातलं वाक्य त्या दिवशी तिनं एकदाही उच्चारलं नाही.

मुख्य रस्ता सुटला आणि ती वाट आली. पाऊस होऊन गेलेला, चाकोऱ्या खोल, मध्ये उंचवटा. "हळू, हळू," अण्णाजी म्हणत होते. माझ्या पोटाला ओरखडा येईल म्हणून दामिनीनं डोळे मिटले होते. मनकर्णाबाई मात्र कान देऊन खालचा आवाज ऐकत होत्या. एका ठिकाणी त्यांनी दाराचा दांडा घट्ट धरला. तोच दगड असावा. मी त्याच्यावरून गेले. खाली गवत घासलं, तेवढंच.

गुलाबबाई अंगणात सोयाबीन वाळत घालत होत्या. अनोळखी गाडी पाहून त्या लांबूनच ओरडल्या, "सर्व्हेवाले का? घरी कोणी नाई!"

माझं दार उघडलं. मनकर्णाबाईंनी एक पाय खाली टाकला, मग दुसरा. ऋतिक धावला, पण त्याच्या हाताची गरज लागली नाही.

गुलाबबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. भांडण आठवायच्या आधी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माय! तू उतरली कशी?"

"पाय टाकला न उतरली."

मग गुलाबबाईंना भांडण आठवलं. "आता कायले आली? लग्न तं झालं."

"गाडी बसलती वं दगडावर. चेंबर फुटलं."

"मंग सांगाचं नाई?"

"तू ऐकून घेत होती का?"

गुलाबबाईंनी सूप खाली ठेवलं. "नाई," त्या म्हणाल्या. "नव्हती ऐकत." आणि पदरानं डोळे पुसत बहिणीला धरून घरात घेऊन गेल्या. चहा झाला. जेवल्याशिवाय जायचं नाही असं ठरलं. दामिनीनं मॅनेजरना फोन करून सांगितलं की गिऱ्हाईक अजून गाडी नीट पाहत आहे.

जेवणानंतर गुलाबबाई गावातून एक चक्कर मारायला बहिणीसोबत मागच्या सीटवर बसल्या. ऋतिकनं हौसेनं सनरूफ उघडलं. नेमका शेजारच्या खळ्यातला सोयाबीनचा भुसा वाऱ्यावर आला आणि दोघी बहिणींच्या डोक्यावर सांडला.

"हे काय वं, टपाले भोक काऊन पाडलं?" गुलाबबाईंनी विचारलं. दोघी इतक्या हसल्या की माझ्या सीटा हलल्या.

परतताना चर्चा पुन्हा सुरू झाली. मोहिनी म्हणाली, मागचं कमी दिसतं, पण सवय होईल. ऋतिक सनरूफबद्दल गप्प होता. अण्णाजी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुले काय वाटते वं?"

हा प्रश्न त्यांनी मनकर्णाबाईंना पहिल्यांदाच विचारला होता.

"मले बसता येते, उतरता येते," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुमी पाहा."



काही दिवसांनी ते एकटेच आले. हाताला पट्टी होती. दामिनीनं काय झालं विचारलं तर म्हणाले, "ओटा फोडला जी. मजूर म्हणे उद्या येतो. म्या म्हटलं, मीच बांधला, मीच फोडतो."

"मग मित्र कुठे बसतील, सर?"

"खुर्च्या टाकून. माणसं बसतात जी, त्यायले फक्त चहा पायजे."

गाडी घ्यायच्या दिवशी सगळे आले, गुलाबबाईही आल्या. माझ्याच रंगाची माझी बहीण दारात उभी होती, हार, फुगे, बोनेटवर लाल रिबीन. मी नेहमीसारखी बाजूला, चाकांना चिखल. मनकर्णाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या आणि सरळ माझ्याकडे चालू लागल्या. मला हळद लावली, कुंकू लावलं.

"आई, ती नाही!" ऋतिक ओरडला. "आपली गाडी इकडे आहे!"

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. माझ्या बोनेटवर तांदूळ टाकले आणि मग सावकाश नव्या गाडीकडे गेल्या.

ती गाडी फाटकातून निघून गेली. मी अजून इथेच आहे. कुंकू मॅनेजरांनी पुसायला लावलं. थोडा लाल डाग राहिलाय, तो दामिनीनं राहू दिला. आणखी पुष्कळ लोक मला फिरवतील, मग जुनी झाले की कुणीतरी मलाही नेईल. कोण नेईल, ते मला ठाऊक नाही.

बरं, येते आता. फाटकातून एक नवं कुटुंब आत येतंय. पाच जण आहेत, पाचही जण एकाच वेळी बोलतायत, आणि एकानं टायरला लाथ मारलीसुद्धा.