लायडनचे यात्रेकरू आणि कापेलचे उकिडवे

चंद्रहास उकिडव्यांना नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल या गावात राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढी वर्षं त्यांनी डच भाषेला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. ऑफिसात इंग्रजी चालायचं, दुकानात बोट दाखवलं की भागायचं. डॉक्टरकडे, शाळेत आणि नगरपालिकेत ते बायकोला पुढे करायचे. शोभा एका दंतवैद्याकडे रिसेप्शनवर होती आणि तिचं डच फर्डं होतं. चंद्रहासना त्याचं कौतुक नव्हतं, पण सोय होती.

डच घरात शिरलंच, ते मुलीच्या तोंडून. गुंजन तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र डचमध्ये यायचं. संक्रांतीला मराठी मंडळातली माणसं घरी जमली होती. चंद्रहास मंडळाचे सांस्कृतिक सचिव, त्यामुळे त्यांनी मुलीला सर्वांसमोर श्लोक म्हणायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, "दू नॉर्माल, बाबा." म्हणजे, जरा माणसासारखं वागा. ज्यांना कळलं ते हसले. चंद्रहासनी शोभाला अर्थ विचारला आणि मग ते रात्री जेवलेच नाहीत.

शोभाची भाची वैदेही लायडन विद्यापीठात अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासावर संशोधन करत होती. चंद्रहासच्या मते त्यात नोकरी नव्हती, म्हणजे विषयच नव्हता. पण एका रविवारी सगळे तिच्याकडे गेले आणि तिने त्यांना गाव दाखवलं. एका जुन्या चर्चपाशी थांबून तिने सांगितलं, की चारशे वर्षांपूर्वी आपल्या राजाच्या चर्चशी न पटल्यामुळे काही इंग्रज कुटुंबं पळून इथे आली. इथे त्यांना कुणी छळलं नाही. कापड विणून ती पोट भरायची. पण मुलं डच वळणावर जायला लागली, रविवारी प्रार्थनेऐवजी खेळायला लागली, तेव्हा आईबापांना वाटलं, इथे राहिलो तर आपण आपले उरणार नाही. त्यांच्यातले काही जण अमेरिकेला निघाले, ते पुढे 'पिलग्रिम', म्हणजे यात्रेकरू, म्हणून प्रसिद्ध झाले.

चंद्रहास जागच्या जागी थबकले. वैदेही पुढेही बोलत होती: पहिल्याच हिवाळ्यात त्यातले निम्मे कसे मेले, उरलेले कुणाच्या मदतीने जगले, आणि मदत करणाऱ्यांचं पुढे काय झालं. पण तोवर चंद्रहास भिंतीवरच्या पाटीसोबत फोटो काढून घेत होते.

महिन्याभरात त्यांनी मंडळात व्याख्यान दिलं. विषय, 'संस्कृतीसाठी समुद्र ओलांडणारे'. त्यांनी सांगितलं, की मूठभर श्रद्धाळू माणसं मोकळ्या जमिनीवर उतरली, आपली भाषा आणि आपला देव जपला, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे सरकत सरकत दुसऱ्या समुद्रापर्यंत पोचली. टाळ्या पडल्या. मग वैदेही उठली. ती म्हणाली, जमीन मोकळी नव्हती. ते उतरले तिथलं गाव नुकतंच साथीत मेलं होतं, आणि आसपासच्या मूळ रहिवाशांनी पुरून ठेवलेला मका यांनी उकरून नेला होता. पश्चिमेकडे सरकताना तर समोरच्यांना बंदुकीच्या धाकाने हाकलत नेलं होतं.

"प्रश्न थोडक्यात विचारावेत," चंद्रहास म्हणाले, आणि चहा जाहीर केला.

त्यानंतर त्यांनी कंपनीच्या ॲरिझोनातल्या शाखेत बदली मागितली. घरी त्यांनी समजावलं, की तिकडे मराठी शाळा आहे, ढोलपथक आहे, देवळात पार्किंग आहे. मूल मराठी राहायचं तर अमेरिकेलाच गेलं पाहिजे. तिथल्या वसाहतीचं माहितीपत्रकही त्यांनी दाखवलं. वसाहतीला एका आदिवासी जमातीचं नाव होतं. ती जमात आता कुठे राहते, असं गुंजनने विचारलं. पत्रकात ते नव्हतं.

शोभा वाद घालत बसली नाही. तिने वैदेहीला जेवायला बोलावलं आणि चंद्रहासच्या देखत विचारलं, "त्या लायडनच्या माणसांतले सगळेच गेले का गं?"

"नाही मावशी. बहुतेक इथेच राहिले."

"मग त्यांचं काय झालं?"

"डच झाले. मुलांनी इथेच लग्नं केली, आडनावांची स्पेलिंगं बदलली. म्हातारे होऊन आपापल्या अंथरुणात मेले."

"वाईट नाही," शोभा म्हणाली, आणि तिने चंद्रहासना आणखी भात वाढला.

शेवटी ठरलं, की चंद्रहासनी पुढे जायचं आणि घर लावायचं. शाळेचं वर्ष संपलं की या दोघी येतील. हे 'ठरलं' असं चंद्रहास म्हणत. निघण्याआधी त्यांनी मंडळाला डेल्फ्सहाफनच्या जुन्या बंदरावर बोलावलं, कारण यात्रेकरूंचं जहाज तिथूनच सुटलं होतं. शाल, श्रीफळ, फोटो झाले. ते जहाज इंग्लंडपर्यंत जाऊन इतकं गळायला लागलं, की तिथेच सोडून द्यावं लागलं, असं वैदेहीने सांगितलं. चंद्रहास म्हणाले, माझं विमान स्खिपोलवरून आहे.

ॲरिझोनात मराठी मंडळं दोन निघाली. पूर्वी एकच होतं. गणपतीच्या मूर्तीच्या उंचीवरून फुटलं. दोघांनीही चंद्रहासना सभासद करून घेतलं आणि दोघांनीही दुसरीकडे जाऊ नका म्हणून बजावलं. मराठी शाळेतली मुलं बाराखडी म्हणून झाली की आपसांत इंग्रजीत भांडत. उन्हाळ्यात गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसे. पायी जाणारा माणूस दिसला की लोक मदत हवी का विचारत. एकदा सुपरमार्केटात एक म्हातारं जोडपं चीजपुढे उभं राहून डचमध्ये कुरकुरत होतं. चंद्रहास त्यांच्यामागून तीन रांगा गेले. बोलायला मात्र स्वतःकडे डचचा एक शब्द नव्हता.

शाळेचं वर्ष संपलं. दोघी आल्या नाहीत. शोभाने फोनवर सांगितलं, की तिने आणि गुंजनने डच नागरिकत्वासाठी अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला आहे. चंद्रहासनी विचारलं, तिकडे पाऊस आहे का. ती म्हणाली, आहे.

थंडीत कंपनीने त्यांचा विभाग बंद केला आणि यात्रेकरू परत निघाले. पण नेदरलँड्स सोडताना त्यांनी तिथे राहण्याचा परवानाही सोडला होता. आता डच नागरिक शोभा उकिडवे यांचा नवरा म्हणून अर्ज करावा लागला, आणि परवाना मिळाला तो अटीवर: ठरावीक मुदतीत डच भाषेची परीक्षा.

परत आल्यावर जुन्या मंडळात हसू आवरणं लोकांना जड गेलं. चंद्रहासनी क्लास लावला. तिथे सिरियाचा एक न्हावी आणि इरिट्रियाची एक आजी त्यांच्या पुढे निघून गेले. मग शिकवायचं काम गुंजनकडे आलं. बापाला डच कळत नव्हतं आणि घरात इंग्रजी बोलायचं नाही असा त्यांचाच जुना नियम होता, तेव्हा तिला मराठीतून बोलण्यावाचून इलाज उरला नाही. आधी अडखळत, मग चिडत, मग सफाईने. क्रियापद, कर्म, विभक्ती हे शब्द तिने शोभाकडून घेतले. टोमणे तिचे स्वतःचे होते.

एका संध्याकाळी ते टेबलाशी बसून अमुक शब्दाला 'दे' हे उपपद का लागतं आणि तमुकला 'हेट' का, यावर हुज्जत घालत होते. यात काही नियम असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

"बाबा," गुंजन म्हणाली, "यात अक्कल चालवायची नसते. मुकाट्याने पाठ करा."

शोभाने स्वयंपाकघरातून मान वळवून पाहिलं. चंद्रहासनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.