पुलाच्या खांबातला शेला

या बाप्पाहो, पुढे सरका, सतरंजीवर अजून जागा आहे. खंजेरी उन्हात तापते आहे, भजनाला थोडा वेळ आहे. तोवर धुरपताची गोष्ट ऐका.

आलापल्लीच्या पलीकडे, सागवनाच्या आत एक नाला आहे. त्र्याऐंशी साली त्यावर पूल झाला. धुरपताचा नवरा लच्छू तिथं मजुरीला होता. होळीच्या आधी एका सकाळी कामावर गेला, तो परत आलाच नाही. उन्हाळ्यात खांबांभोवतीच्या साच्याच्या फळ्या निघाल्या, तर तिसऱ्या खांबाच्या अंगात त्याच्या लाल काठाच्या शेल्याचं टोक, सिमेंटात रुतलेलं!

मग काय, गाव म्हणालं, ठेकेदारानं पुलाच्या पायाला माणसाचा बळी दिला. मुकादम गप्प बसला, म्हणजे लपवतो. साहेबानं नाही म्हटलं, म्हणजे तोही सामील. नाही म्हणणारा जितका मोठा, तितकी गावाची खात्री पक्की.

धुरपता दर बाजाराच्या दिवशी त्या खांबाला गाल टेकवून बोले. गाय व्याली. छप्पर शाकारलं. तुझ्या वाटची मोहाची फुलं वाळवून ठेवली.

दोन वर्षांनी धाकटा दीर सुकलू म्हणाला, "वहिनी, औंदा भावाचा दगड उभा करू. सारं गाव त्याले मेला मानते."

मेलेल्याच्या नावानं शिवेवर दगड उभा राहिला की वाट पाहणं संपतं. धुरपता उठली आणि पुलाचा मिस्त्री देवाजी शेजारच्या गावी भजनाला आला होता, त्याच्यापाशी गेली.

"देवाजीभाऊ, माहा मानूस खांबात हाय का?"

"बाई, तुमच्या गावात कोनी चोरून मोहाची दारू काढली तर किती दिवस लपते?"

"दुपारपर्यंत कोंबड्यालेबी मालूम होते."

"मंग साठ मजूर दोन वर्सं चूप कसे बसले?"

"ठेकेदारानं भेव दाखवलं असन."

"असन. चला, पाहू."

खांबाजवळ जाऊन देवाजीनं बोट दाखवलं. "फळ्यायच्या फटीतून सिमेंटाचं पानी गळते, तिथी आमी चिंध्या कोंबतो. हे बारदान. हे माहं धोतर. मंग मीबी आत हाय का?"

धुरपताला हसू फुटलं. देवाजीनं थापीनं शेल्याभोवती खरवडलं. हातभर तुकडा निघून आला, फाडलेला. मागं नुसतं सिमेंट.

तिचं हसू विरलं. "मंग तो जिता हाय?"

"मले मालूम नाई, बाई. शेला इतकंच सांगते का तो इथी कामाले होता. त्याच्या पुढचं ते गावाचं बोलनं."

"जिता असन, तं गेला काऊन?"

रात्र-रात्र अभंगाचा अर्थ सांगणाऱ्या देवाजीनं तुकडा झटकला आणि तिच्या हातात दिला.

खांबात होता तोवर तो तिला सोडून गेलेला नव्हता. म्हणून तर तिलाही ते खरं वाटलं होतं. आता तो कुठंच नव्हता. बाजाराच्या दिवशी कोणाशी बोलायचं?

घरी येऊन ती सुकलूला म्हणाली, "दगड राहू दे."

"लोक येडी म्हनतीन, वहिनी."

"म्हनू दे. त्याले वाटेवरच राहू दे."

तुकडा तिनं मोहाच्या टोपलीत ठेवला. वाळलेल्या फुलांचा वास त्याला लागला असेल आता.

बाप्पाहो, घ्या खंजेरी. पण बल्लारपूरच्या गाडीत म्हणा, सिरोंच्याच्या बाजारात म्हणा, लाल काठाचा, एका टोकाला फाटलेला शेला दिसला, तर धुरपताची आठवण ठेवा.