धुतलेला स्वेटर

बादलीतलं पाणी पुन्हा काळं आलं, तशी डागबाईला हुरूपच चढला. तिने गाऊनच्या बाह्या वर सारल्या आणि स्वेटर नव्याने साबणात बुडवला. बायकी, तपकिरी, कोपरांत विरलेला स्वेटर. आंबलेलं दूध, धूर, घाम, डोक्याचं तेल, काय काय मुरलं होतं त्यात! दुसऱ्या कोणी चिमटीत धरून केरात टाकला असता. पण दवाखान्याच्या धुलाईखान्यात जिची हयात गेली, ती असल्या स्वेटरला काय भीक घालते? रक्त म्हणा, औषध म्हणा, तिच्या हातून डाग सुटला नाही असं सहसा होत नसे. म्हणून तर तिथे सगळे तिला डागबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं होतं.

मुलं सकाळीच आली होती. बहीण सहा वर्षांची, भाऊ दोन-अडीचचा. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून आता सगळ्यांचीच ती ताई झाली. त्याच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं, तरी ती त्याला ढब्या म्हणायची. तो स्वेटर तो छातीशी कवटाळूनच आला होता. आई अंथरुणातून उठत नसे, मुलं शेजाऱ्यांच्या केरात खायला शोधताना सापडली. डागबाईला आणि तिच्या नवऱ्याला मूलबाळ नव्हतं. खूप विचार करून दोघांनी सांभाळायला मुलं मागितली होती, आणि आता ती खरोखरच पुढच्या खोलीत बसली होती.

बालकल्याणच्या मॅडम निघताना दाराशी थांबून कुजबुजल्या होत्या.

"पोरगी गुणी आहे, तिचं जमेल. धाकट्याचं अवघड आहे. तो रुळला नाही, तर दोघांना वेगवेगळ्या घरी ठेवावं लागेल. दोघांना एकत्र घ्यायला दुसरं कोणी तयार नाही."

कुजबुज झाली खरी. पण ताई ज्या घरात वाढली, तिथे मोठ्यांचं हळू बोलणं ऐकू आलं नाही तर उपाशी राहावं लागे. तिने सगळं ऐकलं आणि ढब्याला जवळ ओढून घेतलं.

जेवायला बसल्यावर डागबाईने दुधात पाव कुस्करला आणि चमचा पुढे केला. ढब्याने तोंड फिरवलं.

"ताई, तू खा गं निवांत. त्याला मी भरवते."

"तुमच्या हातून नाही खायचा तो," ताई म्हणाली. त्यात उद्धटपणा नव्हता. ड्यूटी संपलेली नर्स दुसरीला पेशंटचं सांगते, तसं ती सांगत होती. "आधी त्याच्या हातात एक तुकडा द्यायचा. मग दुसरा तोंडात जातो. आणि घाई नाही करायची."

तिने त्याला भरवलं आणि मग स्वतः खाल्लं. उरलेला पाव सगळ्यांच्या देखत फ्रॉकच्या खिशात घातला. डागबाईला भडभडून आलं. ही एवढीशी पोर, हिच्या वाट्याला कधी बालपण आलंच नाही. पण तिने काही म्हटलं नाही. एवढं शहाणपण तिला होतं.

नेमकं स्वेटरच्या वेळी ते शहाणपण कुठे गेलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तिने तो वाळवून, इस्त्री करून, घडी घालून ढब्याच्या पुढ्यात ठेवला. मऊ झाला होता अगदी. साबणाचा मंद वास येत होता. आता कौतुक होणार, म्हणून ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

ढब्याने स्वेटर ओढून तोंड त्यात खुपसलं. मग बाहेर काढलं. बाही हुंगली, मान हुंगली, उलटा करून पुन्हा हुंगला. आणि दूर फेकून असा काही रडला, की शेजारीण धावत आली.

"काय झालं रे सोन्या? अरे, तुझाच आहे की!"

ताईने स्वेटर उचलून नाकाशी नेला.

"त्यात आई होती," ती म्हणाली.

आयुष्यभर ज्या हातांचं कौतुक ऐकलं, ते हात डागबाईला त्या क्षणी तोडून टाकावेसे वाटले.

ढब्याने खाणं सोडलं. ताईने दिलेला तुकडाही तो मुठीत नुसता धरून बसे. डोळा लागला की दचकून उठे आणि अंथरूण हुंगत फिरे. डागबाईने मॅडमना फोन लावला. मुलांच्या आईचं एखादं कापड मिळवून द्या, धुतलेलं नको, मळकंच द्या, म्हणून विनवलं.

"कुठून देऊ हो?" मॅडम म्हणाल्या. "मुलं इकडे आणली आणि आई खोली सोडून गेली. मालकाने सामान फेकून दिलं. ती कुठे आहे, ते आम्हीच शोधतोय. ताईला एवढ्यात काही बोलू नका."

डागबाई बोलली नाही. नुसतं म्हणाली, "ताई, माझं चुकलं गं."

"असू दे. तुम्हाला काय माहीत," ताईने समजूत घातली. ते ऐकून डागबाई न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून पोटभर रडली.

त्या दिवसापासून तिने अंगावरचा गाऊन बदलला नाही. अंघोळ करायची आणि तोच पुन्हा चढवायची. ढब्याने थुंकलेलं दूध त्याच्यावर वाळलं, शेंबूड पुसला गेला, स्वयंपाकाचा धूर बसला, दोघांचा घाम मुरला. नवरा बस चालवून दमून आला, तरी थट्टेची हौस फिटत नसे.

"डागबाईच्या अंगावर डाग! तुमच्या धुलाईखान्यात कळलं तर संप होईल."

"होऊ दे. मला वास यायला हवाय."

"येतोय की! जिन्यापासून येतोय."

असं म्हणून त्याने ढब्याच्या डोक्यावरून हळूच हात फिरवला. ढब्याने तो फिरवू दिला.

मग एका दुपारी ते घडलं. डागबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ढब्या रांगत आला, गाऊनचा काठ हुंगला, मांडीवर चढला आणि तिच्या काखेजवळ नाक खुपसून झोपला. दचकला नाही, उठला नाही. त्याचं तोंड उघडं पडलं, लाळ गळायला लागली. डागबाईला श्वास मोठ्याने घ्यायचीही चोरी झाली. उभ्या जन्मात तिला इतकं सुख झालं नव्हतं.

ताई समोर बसून बघत होती. बराच वेळ बघितलं. मग तिने खिशातला पाव काढून ढब्याच्या उशाशी ठेवला, बूट आणले, पायांत घातले, बंद नीट लावले. डागबाईला वाटलं, पोर खाली अंगणात खेळायला निघाली. शेवटी एकदाची!

ताई दारापाशी गेली. कडी उंच होती. तिने टाचा उंचावून पाहिल्या आणि मागे वळली.

"मावशी, कडी काढून देता?" ढब्या उठू नये म्हणून ती हळू बोलत होती. "त्याचं झालं आता. तो राहील तुमच्याजवळ. मी आईकडे जाते. ती एकटी आहे."

उठावं तर ढब्या जागा होणार. डागबाईने मोकळा हात पुढे केला. ताईने त्या हाताकडे पाहिलं, पण ती जवळ आली नाही. हट्ट केला नाही, रडलीही नाही.

"नंतर काढा," ती म्हणाली. "त्याची झोप झाल्यावर."

आणि बूट न काढता दाराला पाठ लावून उभी राहिली. मोठ्या माणसांची वाट पाहायची तिला सवय होती.