आरतीच्या आधी

गोळीचा एक कोपरा काही केल्या फुटेना... खलबत्त्याच्या तळाशी तो पांढरा कण निसटून कडेला पळत होता आणि विजयमाला त्याच्यामागे बत्ता फिरवत होती — पूड बारीक झाली नाही तर नळी तुंबते, तिच्या वडलांच्या, अण्णांच्या नाकातून पोटात गेलेली नळी; तुंबली की पुन्हा दवाखाना, पुन्हा ते उमासे. घशातली गाठ वाढल्यापासून सगळं त्या नळीतूनच : पेज, ताक, वेदनेची ही गोळी. डॉक्टर म्हणाले होते, आता उपाय संपले, दुखू देऊ नका एवढंच. गोळ्या ती देवघरात ठेवायची. दुसरीकडे ठेवायला हात धजत नव्हता.

"माला," काल अण्णा म्हणाले होते. आवाज कसला, नुसती हवा. "समद्या एकदम कूट."

कळलं तेव्हा ती हसली होती. घाबरलं की हसायची खोडच तिला. "अण्णा, आरती झाल्याबिगर उटायचं न्हाय, आसं तुमीच म्हणायचा की."

सांगोल्याकडच्या गावात अण्णा कीर्तनातले पहिले टाळकरी. लहानपणी ती पेंगुळून उठू बघायची, तर फ्रॉकचं टोक त्यांच्या गुडघ्याखाली दाबलेलं. मधूनच उठणाऱ्याचं पुण्य चपलांपाशीच राहतं, म्हणायचे. आणि मग बुवा असं काही गायचे की झोप कुठल्या कुठं... मला ते अजून खरं वाटतं. दिलेला श्वास देणाऱ्यानंच परत घ्यावा — खरंच वाटतं. मग हे भिंतीवर नखं ओढतात, उशी दातात धरतात, ते कुणाच्या पदरात घालायचं, पांडुरंगा?

अण्णाही काल हसले होते, दुखेल इतके. दम लागला. मग म्हणाले, "बुवाचाच गळा बसला... तर आरती अलीकडं घेत्यात. ठावं हाय न्हवं?"

तिनं रिकामी सिरिंज उचलली.

"कोन उचलतं ती?"

टाळकरी. शेजारी बसलेलाच उचलतो, बुवाकडं बघून. तिला ठाऊक होतं. तरी सिरिंज धुवायची म्हणून ती मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

"मामा काय म्हणतेत?" आज तिचा बत्ता चालू असतानाच जोतिराम स्वयंपाकघरात डोकावला, डबा घ्यायला. चादरीच्या कारखान्याची वेळ झाली होती.

"पेजंत मीठ कमी हाय म्हणतेत."

"नळीतनं मीठ कळतंय व्हय! लई नखरे हाईत म्हाताऱ्याचे." हसत हसत नवरा गेला.

सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर चारचौघांत बोलणं झालं असतं, कुणी दटावलं असतं, मोकळी झाले असते मी... पण जीभ आपसूक मिठाकडं वळली — जणू ही गोष्ट तिची नि अण्णांची, तिसऱ्याचं बोट लागू नये.

ती सिरिंज घेऊन आत गेली. अण्णांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं. रोजच्याइतकंच पाणी, रोजच्याइतकंच पांढरं. ते रागावले नाहीत. उशिरा आलेल्याला जागा द्यावी तसे किंचित सरकले आणि त्यांनी डोळे मिटले.

ती हळूहळू दट्ट्या दाबत राहिली. नाही म्हणाले मी, नाही म्हणाले — कालपासून या एका आधारावर ती उभी होती. आता शब्द एकेक करून आठवू लागली : त्यांनी विचारलं, मी हसले, थट्टा केली, मोरीत गेले... नाही कुठंच नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून आठवलं. कुठंच नव्हतं. तिला धडकी भरायला हवी होती. पण अण्णांचे ओठ जरासे हलले, आणि तिनं नकळत आपला कान त्यांच्या तोंडापाशी नेला... पुन्हा विचारतील म्हणून.