मेलेल्याचं नाव

आमच्या गावात फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाचे लोक म्हणजे सात जण. माझा नवरा एवारिस्तो, गुरांचा डॉक्टर, त्यातला एक. दर गुरुवारी एका माडीवर जमायचे, त्या बैठकीला लॉज म्हणायचे, दारं लावून भाषणं ठोकायचे आणि गरिबांच्या शाळेला वह्या वाटायचे. यादवी जिंकलेल्या सरकारला त्यात देशद्रोह दिसला. कायदा आला: दोन महिन्यांत माफीनामा द्या आणि तुम्हाला लॉजमध्ये कोणी आणलं ते सांगा. नाहीतर बारा वर्षं आणि एक दिवस तुरुंग. तो वरचा एक दिवस कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

एवारिस्तो नाव द्यायला तयार नव्हता. त्याला आणणारे म्हातारे नोटरी जिवंत होते. त्यांच्याकडेच मी टायपिंग करायचे. शेवटी मीच म्हटलं, "बाल्दोमेरोचं नाव घाल. मेलेल्याला कोण तुरुंगात टाकतंय?"

पिंपं बनवणारा बाल्दोमेरो, त्या सातांतलाच एक, यादवी पेटली त्या छत्तीस सालीच गोळीला बळी पडला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली, तेव्हा त्याच्या बायकोचा, कासिल्दाचा, हात धरून मी रडले होते. तेव्हापासून ती काळ्या कपड्यांतच असायची. बाकीचेही माझ्याकडे आले, त्यांनाही मी तीच युक्ती सांगितली. सहा माफीनामे, सहांत बाल्दोमेरो. अक्कल पाजळायची हौस माझीच.

सहा जणांना ओढणारा माणूस म्हणजे बडा पुढारी, असं माद्रिदच्या न्यायालयाने धरलं. मेलेल्यांवरही तिथे खटला चालतो, हे आम्हाला कुठलं माहीत! त्याची मालमत्ता मोजायला दोन शिपाई टेप घेऊन आले. कासिल्दाची धान्याची कोठी बाहेरून होती त्यापेक्षा आतून दीड हात कमी भरली. त्यांनी भिंत फोडली. मागे बाल्दोमेरो बसला होता, पांढराफटक, चार वर्षं तिथेच लपलेला.

एवारिस्तोची नोकरी गेली, पण तो घरी राहिला. मला हायसं वाटायला हवं होतं. मी भांडी घासली, पडदे धुतले. काहीच वाटलं नाही.

आठवड्याने कासिल्दा आली. अजून काळ्यातच. भांडायला आली असं मला वाटलं, पण ती खुर्ची ओढून बसली. बाल्दोमेरोला गोळी घालणार म्हणतात, दयेचा अर्ज करायचाय, म्हणाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

मी टाइपरायटरवर कागद चढवला. त्याचं वय, कामधंदा, दोन मुली, सगळं ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. मग ती थांबली.

"आणि हे लिही, की त्याने कोणालाच लॉजमध्ये आणलं नाही. उलट त्यालाच एवारिस्तोने आणलं. तुला माहितीये ते."

मला माहीत होतं. तो कागद माद्रिदला पोचला की माफीनामा खोटा ठरणार, आणि बारा वर्षं आणि तो एक दिवस आमच्या दारात.

माझी बोटं चालत राहिली. मी वरचीच ओळ पुन्हा टाइप केली: दोन मुली आहेत, दोघी लहान आहेत. यंत्राचा आवाज तसाच आला.

कासिल्दाने कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"सगळं आलं ना यात?"

"सगळं," मी म्हटलं, आणि अंगठ्यासाठी शाईची गादी तिच्यापुढे सरकवली.